सतरा नंबरचा ओटा आणि जर्मन गाडी

माझी गाडी फार सभ्य आहे. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांसारखी. ओरडत नाही, आदळआपट करत नाही. ऐन सिग्नलला, मागून डंपर हॉर्न वाजवत असताना, समोरच्या पडद्यावर शांतपणे अक्षरं आणते की गिअरबॉक्समध्ये बिघाड आहे, कृपया सावकाश चालवा. शेजारी बॅटरीचं लाल चित्र. आणि मग आपली वाट न बघता स्वतःच सावकाश चालायला लागते. एका गिअरमध्ये जी अडकून बसते ती बसते. पाय दाबा, हात जोडा, नवस बोला, ताशी वीसच्या वर जाणार नाही. हातगाडीवाला ओलांडून पुढे जातो आणि जाता जाता आत वाकून बघतो.

गाडी जर्मन आहे, काळी आहे आणि चौदा वर्षांची आहे. मी, चंद्रप्रकाश तांडेल, विमा कंपनीत हेडक्लार्क, राहणार अंधेरी. असल्या माणसाने असली गाडी घेतली म्हणजे त्याचं डोकं फिरलंय, यावर आमच्या सोसायटीचं एकमत आहे. पाण्याच्या टाकीवरून नऊ वर्षं ज्यांचं एकमत झालं नाही, त्यांचं माझ्या डोक्यावरून चुटकीसरशी झालं. लोक म्हणाले, चंदूला मिरवायचंय. मिरवायचं होतंच, खोटं कशाला बोलू? पण गाडी घेतली ती आईसाठी.

आई, मालन तांडेल, वय एकाहत्तर. राहते खारदांड्याला, मासळी विकते अंधेरीच्या बाजारात. सतरा नंबरचा ओटा तिचा, तिच्या आधी तिच्या सासूचा. मे महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला टेम्पोत चढता येईना. आणि रिक्षावाले? मासळीची पाटी बघितली की लांबूनच हात हलवायचे. एकदा माझ्या डोळ्यांदेखत पाच रिक्षा गेल्या. सहावीला मी आडवा गेलो, तर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बसा. मावशी नको, सीटला वास राहतो." आई हसली. मला हसता आलं नाही. त्याच आठवड्यात एका डॉक्टरांची ही जुनी गाडी मी उचलली, आणि आठवड्यातून तीन दिवस आई माझ्या शेजारी बसून, मासळी डिकीत टाकून, ओट्यावर जायला लागली. त्या तीन दिवसांत रिक्षावाल्यांना ओव्हरटेक करताना मी जो हॉर्न वाजवायचो, त्याला वाहतुकीच्या दृष्टीने काहीही कारण नसायचं.

अशी तीन महिने मजा झाली. मग लाल दिवा लागला.

पहिला सल्ला विपुलभाईंचा. विपुलभाई माझे समोरचे शेजारी, चौदा वर्षांपासूनचे. माणूस लाखात एक, फक्त सल्ला मागितला नाही तर त्यांना अपमान वाटतो. ते म्हणाले, "चंदूभाई, गिअरबॉक्स सोडा. बेटरी बघा पहिली. बेटरी म्हणजे मूळ." पटलं. आम्ही बॉनेट उघडलं आणि बॅटरी शोधायला लागलो. सापडेना. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनीअर आले, वॉचमन आला, दूधवाला थांबला. पाच कर्त्या माणसांनी टॉर्च घेऊन अर्धा तास बॅटरी शोधली आणि अखेर एक लाल झाकण सापडलं. झाकणाखाली एक खिळा. विपुलभाईंनी निकाल दिला, "सीलबंद आहे. फॉरेनची बेटरी दिसत नसते." आम्ही त्या खिळ्याला चार्जर लावला. गाडी दोन दिवस गुणी बाळासारखी चालली. तिसऱ्या दिवशी आईला सोडून परत येताना पुन्हा लाल चित्र, पुन्हा कृपया.

मग ओशिवऱ्याचा हर्षद. हा एक्स्पर्ट. याच्या केबिनला एसी, अंगात इस्त्रीचा टीशर्ट. त्याने गाडीला हातसुद्धा लावला नाही. स्टिअरिंगखाली एक वायर खुपसली, लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आपोआप खुर्चीत बसलो. "तेवीस फॉल्ट आहेत, सर."

"तेवीस?"

"बॅटरी व्होल्टेज, ब्रेक, उजवा आरसा, मागची काच... पण मेन म्हणजे गिअरबॉक्स. पूर्ण बदलावा लागेल." त्याने आकडा सांगितला. मी पाणी मागितलं. त्याला याची सवय असावी, कारण बाटली टेबलावर तयारच होती.

घरी श्वेताला, म्हणजे बायकोला, आकडा सांगितला नाही. तिने विचारलाही नाही. माझ्या तोंडाकडे बघून एवढंच म्हणाली, "अहो, आईंना घेऊन जाताना ही बंद पडली ना, तर मी स्वतः भंगारवाल्याला फोन करीन." श्वेता बोललेलं करते. आमचा जुना फ्रिज असाच गेला.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत होती आणि मी ती कुणाला बोलत नव्हतो. रविवारी आम्ही घरची मंडळी फिरायला गेलो की गाडी धड. आई बसली की त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी बिघाड. विपुलभाईंनी तर वहीत तारखा लिहिल्या होत्या. त्यांनी वही माझ्यासमोर धरली, तेव्हा मी म्हटलं, "योगायोग." ते म्हणाले, "सात वेळा?" मी म्हटलं, "सातही." माझा आवाज जरा चढलाच.

आणि या सगळ्यात नोटीस आली. बाजाराच्या कचेरीतून, आईच्या नावाने. गुडघ्यामुळे आई दोन महिने बसली नव्हती, तेव्हा कुणीतरी तक्रार केली होती की सतरा नंबर रिकामा असतो. मजकूर मला पाठ आहे: परवानाधारकाने बुधवारी सकाळी अकरा ते बारा या वेळात आपल्या ओट्यावर मालासह स्वतः हजर राहावे, अन्यथा ओटा रिकामा समजण्यात येईल. मी वीस वर्षं लोकांना अशीच पत्रं लिहितोय. 'समजण्यात येईल' या शब्दांत काय ताकद असते ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी कचेरीत जाऊन वेळ बदलून मागितली. क्लार्क म्हणाला, "अर्ज करा." केला. "हा जावक खिडकीचा अर्ज आहे, आवकचा आणा." आणला. "आता साहेब सुट्टीवर आहेत, बुधवारनंतर येतील." माझ्याच जातीचा माणूस! क्लार्कची जात सांगतोय.

आईला नोटीस वाचून दाखवली. तिने फक्त दोनदा विचारलं, "मालासकट म्हंजे ताजा माल ना रे?" मी म्हटलं, फ्रिजमधला घेऊ कालचा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. चव्वेचाळीस वर्षांत तिने कालचा मासा आजचा म्हणून विकला नव्हता, आणि तपासणीच्या दिवशी तर मुळीच विकणार नव्हती.

आता गंमत अशी की होडी काही नोटीस वाचत नाही. बुधवारी भरती नऊला. भरतीचं पाणी चढल्याशिवाय होडी किनाऱ्याला लागत नाही. माल हातात पडायला साडेनऊ. खारदांडा ते अंधेरी नेहमीच्या गर्दीत पाऊण तास. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर हिशेब बसत होता. मी रजा टाकली. श्वेता आधीच ओट्यावर जाऊन बसणार होती, जागा धरून. विपुलभाई वही घेऊन मागच्या सीटवर आले. "डेटा लागेल," म्हणाले.

नऊ पस्तीसला दोन क्रेट डिकीत गेले. एकात पापलेट, एकात बोंबील, वर बर्फ. आई म्हणाली, "चंदर, बेगी हाक." पंधरा मिनिटं झकास. सांताक्रूझच्या सिग्नलला हिरवा झाला, मी पाय दाबला आणि पडद्यावर अक्षरं आली.

"काय लिवलंय?" आईने विचारलं.

"गाडी म्हणतेय सावकाश चालवा."

"तिला सांग, आज घाई हाय."

मी सांगितलं. अगदी मनापासून, हलक्या आवाजात, सांगता येईल ते सगळं सांगितलं. गाडीने एक आचका दिला, सगळे दिवे एकदम लावले, आणि मग एकही ठेवला नाही. एसव्ही रोडच्या मधोमध, पावणेदहाला... नाही, घड्याळ बघितलं तर नऊ बावन्न. मागे बस. बसच्या मागे अख्खं उपनगर.

आम्हाला ढकलत बाजूला आणलं ते दोन फेरीवाल्यांनी. हर्षदला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. मेसेज आला: 'मीटिंगमध्ये आहे.' तेवढ्यात श्वेताचा फोन. "अहो, कुठं आहात? तपासणीच्या मॅडम लवकर आल्यात. अकराला बरोबर एक नंबरपासून सुरू करणार म्हणतात."

"पोहोचतोच," मी म्हटलं. बायकोशी मी सहसा खोटं बोलत नाही, पण ओट्यावरच्या माणसाचा धीर सुटू नये.

आई खाली उतरली, पदर खोचला आणि रिक्षांना हात करायला लागली. एक आली, थांबली, क्रेट बघितले, गेली. दुसरी थांबलीच नाही. तासभर हेच चाललं. शेवटच्याने नाकाला रुमाल लावला. माझ्या डोक्यात अशी सणक गेली की मी त्याच्यामागे दहा पावलं धावलो. काय ओरडलो ते छापण्यासारखं नाही. परत आलो तेव्हा विपुलभाई एका गल्लीतून कुणाला तरी हाताला धरून आणत होते.

तो अनंता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं रिक्षाचं गॅरेज, मूळचा देवगडचा. गॅरेजात दोन रिक्षा होत्या, दोघींची इंजिनं जमिनीवर. चार महिन्यांत शंभर वेळा मी त्या गॅरेजवरून गेलो असेन, पण रिक्षाच्या मेकॅनिकला जर्मन गाडी दाखवायची हे माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. आज तत्त्व बसायला जागाच नव्हती.

अनंताने गाडीभोवती एक चक्कर मारली. "बॅटरी खंय आसा हिची?"

"सीलबंद आहे," विपुलभाई म्हणाले. "दिसत नाही."

अनंताने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग मागे गेला आणि म्हणाला, "डिकी उघडा. असल्या गाडयेची बॅटरी डिकीत आसता. एका शेठची धुवक येई, तेवा बघलंय."

मी डिकी उघडली. दोघांनी क्रेट खाली घेतले. खाली माझं प्लास्टिक होतं. या प्लास्टिकचा मला अभिमान होता, हे सांगायलाच हवं. बर्फाचं पाणी डिकीभर पसरू नये म्हणून मी ते एका बाजूने उंच लावून, उजव्या कोपऱ्याकडे बेताचा उतार काढून, चिकटपट्टीने पक्कं केलं होतं. पाणी कोपऱ्यात साचणार, मी फडक्याने टिपणार. विपुलभाईंनी तर त्याचा फोटो काढला होता. अनंताने प्लास्टिक सोललं, गालिचा उचलला, उजव्या कोपऱ्यातलं झाकण काढलं.

आत बॅटरी होती. पाण्यात उभी. वायरींच्या तोंडावर हिरवा-पांढरा थर असा चढला होता की तांबं कुठलं नि बुरशी कुठली कळेना. बॅटरी गाडीच्या पत्र्याला जोडणारी जाड पट्टी तर बोट लावताच तुटून अनंताच्या हातात आली.

"आय गो!" अनंता म्हणाला. "ह्या पानी खंयचा?"

"मासळीचं!" विपुलभाई आनंदाने ओरडले. त्यांना उत्तर सापडलं होतं, माणसाला भान राहत नाही. "बघा चंदूभाई, सातही तारखा! मासळीचं पाणी, डायरेक बेटरीवर!"

आई माझ्या मागेच उभी होती.

"एसीचं पाणी आहे ते," मी म्हटलं.

विपुलभाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. अनंताने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग त्या पट्टीकडे. "एसीचा म्हणतास तर एसीचाच," म्हणाला. "जुन्या गाडयेत जाता असा."

पण आई पुढे आली. वाकली, प्लास्टिकवरच्या पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. चव्वेचाळीस वर्षं बर्फात हात घातलेल्या बाईला तुम्ही एसीचं पाणी सांगणार!

"माज्या बर्फाचं हाय," ती म्हणाली. "मीठ टाकते मी त्यात. जास्त गार ऱ्हातं." मग थोडं थांबून, "इतके दिस गाडी माज्यापायीच बिघडते, नाय रं? आनि तू बोलला नाय."

तिने क्रेटला हात घातला. "मी जाते चालत. वाट लावली तुज्या गाडीची. एवढी मोठी गाडी."

"आये, ठेव तो क्रेट!" मी ओरडलो. "तुझं पाणी कुठेही गेलं असतं. सबंध डिकीत पसरलं असतं, सुकलं असतं. ते बरोब्बर बॅटरीवर कोणी नेलं? मी. हा उतार मी काढला. लेव्हल लावून काढला! विपुलभाई, दाखवा तो फोटो." विपुलभाईंनी खरंच फोन काढला. "हेडक्लार्कची अक्कल आहे ही. तुझा काही संबंध नाही."

आई फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चिकटपट्टी मात्र सरळ लावलीस." आणि क्रेट खाली ठेवला. श्वेताचा फोन वाजत होता.

"मॅडम चार नंबरला," श्वेता कुजबुजली. अकरा वाजून सात मिनिटं.

अनंताने चहावाल्याकडून उकळतं पाणी आणि खायचा सोडा मागवला, वायरींच्या तोंडावर ओतला. ते फेसाळलं. दातांच्या ब्रशने घासलं, पॉलिश पेपर मारला. तुटलेल्या पट्टीच्या जागी एका टेम्पोची जाड वायर कापून बसवली. मी विचारलं, "आणि गिअरबॉक्स? बदलावा लागेल म्हणतात."

"कित्याक? गिअरबॉक्स बरो आसा. पोटात काय नाय तर मानूस धावतलो कसो? करंट गावना नाय, म्हणान तो एका जाग्यार बसता." तेवीस फॉल्ट, आणि अनंताने ते एका वाक्यात निकालात काढले. मला हर्षदची पाण्याची बाटली आठवली आणि राग आला.

"आठ नंबर," श्वेता. अकरा अठरा.

टेम्पोची बॅटरी टेकवून अनंताने हात वर केला. मी किल्ली फिरवली. दिवे लागले, सगळे. मग एकेक करून विझले. बॅटरीचं लाल चित्र सगळ्यात शेवटी गेलं. गाडी सुरू झाली आणि पडदा एक शब्द बोलला नाही. अनंता पैसे घेईना, म्हणाला, नंतर द्या. त्याने सक्त ताकीद दिली, "डिकीत आता थेंब जाता नये."

मग माल कुठे? आतल्या सगळ्या सीट क्रीम रंगाच्या कातड्याच्या. त्यांच्यावर ओले केस घेऊन बसायला मी मुलीला बंदी केली होती. आईने माझ्याकडे बघितलं. "खराब होईल." मी पापलेटचा क्रेट पुढच्या सीटवर ठेवला, आईला मागे बसवलं. विपुलभाई, जे आमच्याकडे सुरमई तळली की आपलं दार लावून घेतात, त्यांनी डोळे मिटून बोंबलाचा क्रेट मांडीवर घेतला. "चला चंदूभाई. गाडी हाका."

विलेपार्ल्यापर्यंत ठीक. मग गाडी कोकलायला लागली. टिंग टिंग टिंग. बघितलं तर पुढच्या सीटवरच्या प्रवाशाने पट्टा लावलेला नाही. सिग्नलला मी पापलेटना पट्टा लावला. शेजारच्या रिक्षावाल्याने बघितलं. मी हॉर्न वाजवला.

"तेरा नंबर! अहो, आहात कुठे?" अकरा एकेचाळीस.

"उड्डाणपुलाखाली."

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "पंधरा झाला. सोळावाली बाई आलीच नाही, मॅडमनी तिच्या नावावर रेघ मारली!"

बाजाराच्या तोंडाशी भाजीचे ट्रक आडवे. पार्किंगची आशा नव्हती. मी गाडी तशीच रस्त्यात सोडली, किल्ली विपुलभाईंच्या हातात कोंबली आणि आई खाली उतरली. गुडघा धरून, पण इतक्या वेगाने की मला मागे पडायला झालं. क्रेट हातात घेऊन गर्दीतून जाता येईना. मग मी तो डोक्यावर घेतला. ऑफिसचा शर्ट, बर्फाचं पाणी मानेवरून थेट पाठीत, आणि "बाजू, बाजू!" असं ओरडणारा तो आवाज माझाच होता. बायका आपोआप बाजूला झाल्या. एक म्हणाली, "मालनचा पोऱ्या दिसतोय."

ओट्यासमोर एक मॅडम उभ्या होत्या, गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड, पेन कागदावर टेकवलेलं. श्वेता त्यांच्यापुढे दोन्ही हात पसरून उभी होती. ओटा कुणी पळवून नेईल अशी.

"परवानाधारक?" मॅडम.

"मी," आई धापा टाकत ओट्यावर चढली आणि आपल्या जागेवर बसली.

"माल?"

मी डोक्यावरचा क्रेट ओट्यावर ठेवला. आईने बर्फ बाजूला केला, एका पापलेटचा कल्ला उघडून मॅडमना दाखवला. लालभडक. मॅडमनी मान हलवली आणि रकाने भरायला लागल्या. नाव, वय, परवाना क्रमांक. मी ओट्याला टेकून श्वास घेत होतो.

"मालाची वाहतूक कशाने करता? डोक्यावरून, हातगाडी, टेम्पो?"

इथे मी सरळ झालो. शर्ट झटकला. सरकारी कागदावर माझ्या गाडीचं नाव लागणार होतं, कंपनीसकट, मॉडेलसकट. मी घसा साफ केला.

"पोरगा लिवा," आई म्हणाली.

मॅडमनी वर बघितलं. माझ्या कॉलरमधून पाणी ठिबकत होतं. "आजी, या रकान्यात वाहन लागतं."

"गाडी हाय त्याच्याकडं. मोठी हाय, काळी," आई पापलेट मांडता मांडता म्हणाली. "पन बाई, ती यील नायतर नाय यील. ह्यो येतो."

मॅडमनी क्षणभर पेन धरून ठेवलं. मग 'मुलगा' असं लिहिलं, शिक्का मारला आणि अठरा नंबरकडे गेल्या.